शास्ती आणि शिक्षा : कंपनी चुकते तेव्हा मोजतो कोण?

वांद्रे स्टेशनाच्या पूर्वेला उतरून वांद्रे-कुर्ला संकुलात गेले की जी ब्लॉकमध्ये दोन इमारती हाकेच्या अंतरावर दिसतात. एक सेबी भवन, म्हणजे देशाच्या भांडवल बाजाराच्या नियामकाचे मुख्यालय. दुसरी एक्स्चेंज प्लाझा, राष्ट्रीय शेअर बाजाराचे म्हणजे एनएसईचे घर. ३० एप्रिल २०१९ रोजी पहिल्या इमारतीतून दुसऱ्या इमारतीला आदेश गेला : ६२४ कोटी ८९ लाख रुपये आणि त्यावर १ एप्रिल २०१४ पासून बारा टक्के व्याज भरा. दलालांचे सर्व्हर बाजाराच्याच आवारात ठेवण्याच्या ‘को-लोकेशन’ सुविधेवरून उभ्या राहिलेल्या याच प्रकरणात सीबीआयने २०१८ मध्ये गुन्हा नोंदवला होता, आणि मार्च २०२२ मध्ये एनएसईच्या माजी व्यवस्थापकीय संचालक चित्रा रामकृष्ण यांना अटक झाली.

प्रकरण एकच, पण कायद्याने त्याला दोन रस्ते दिले. एका रस्त्यावर पैशाचा हिशेब मागितला जातो, दुसऱ्यावर माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागते. वर्तमानपत्रात आकडा वाचून सामान्य गुंतवणूकदार विचारतो, ‘एवढे कोटी भरायला लावले, मग तुरुंगात का नाही टाकले?’ आणि कुणी तुरुंगात गेला की तोच विचारतो, ‘माझे पैसे कधी मिळणार?’ हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे मात्र वेगवेगळ्या कचेऱ्यांत आहेत आणि हे फारसे कुणी समजावून सांगत नाही. म्हणून हा आढावा.

दोन शब्द, दोन वृत्ती

इंग्रजीतल्या कायद्याचे मराठी करताना आपल्याकडे ‘शास्ती’ हा शब्द रूढ झाला. पिंपरी-चिंचवडमध्ये अनधिकृत बांधकामांवर शास्तीकर लागला, तेव्हा तो शब्द घराघरांत पोचला. शास्ती भरणाऱ्याला कुणी गुन्हेगार म्हणत नाही. नियम मोडला, त्याची किंमत शासनाने वसूल केली, एवढाच त्याचा अर्थ. ‘शिक्षा’ या शब्दात मात्र समाजाचा निषेध आहे. न्यायाधीश दोषी ठरवतो, नावापुढे कलंक लागतो आणि माणूस कोठडीत जातो.

कंपन्यांच्या गैरकारभारात या दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात शेजारीशेजारी बसलेल्या असतात. सेबी कायद्याच्या कलम १५-छ प्रमाणे आतल्या माहितीवर शेअरचे व्यवहार करणाऱ्याला किमान दहा लाख रुपये, आणि कमाल २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट यांपैकी जे जास्त असेल तेवढी शास्ती लागू शकते. हीच कृती कलम २४ खाली गुन्हाही ठरते : दहा वर्षांपर्यंत कारावास, किंवा २५ कोटींपर्यंत द्रव्यदंड, किंवा दोन्ही. पहिला निर्णय सेबीचाच निर्णय अधिकारी देतो. दुसरा फोर्टमधल्या सत्र न्यायालयातले विशेष न्यायालय देते, तेही सेबीने तक्रार दाखल केली तरच.

सांताक्रूझ विमानतळावरचे सोने

एकाच कृत्याबद्दल दोनदा जाब विचारणे घटनेला मान्य आहे का? या प्रश्नाचे मूळ उत्तर वांद्र्याच्या पलीकडच्याच उपनगरात घडलेल्या प्रसंगातून आले. नोव्हेंबर १९४९ मध्ये जेद्दाहून आलेला एक प्रवासी सांताक्रूझ विमानतळावर उतरला. त्याच्याकडे १०७.२ तोळे सोने सापडले आणि त्याने ते जाहीर केले नव्हते. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी सोने जप्त केले आणि जप्तीऐवजी बारा हजार रुपये भरण्याचा पर्याय दिला. पुढे परकीय चलन कायद्याखाली प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटपुढे त्याच्यावर खटलाही उभा राहिला.

प्रवाशाचे म्हणणे होते की राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(२) प्रमाणे एकाच अपराधासाठी दोनदा शिक्षा होऊ शकत नाही. ‘मकबूल हुसेन विरुद्ध मुंबई राज्य’ या खटल्यात १७ एप्रिल १९५३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. सीमाशुल्क अधिकारी म्हणजे न्यायालय नव्हे. त्याने केलेली जप्ती म्हणजे फौजदारी खटल्यातली शिक्षा नव्हे. सबब खटला चालू शकतो.

आज सेबी, अंमलबजावणी संचालनालय, प्राप्तिकर खाते आणि पोलीस एकाच कंपनीच्या मागे वेगवेगळ्या वाटांनी लागतात, त्याची वैचारिक पायाभरणी या निकालात आहे. त्याला एक महत्त्वाची मर्यादा २०११ मध्ये राधेश्याम केजरीवाल प्रकरणात घातली गेली. शास्तीच्या कारवाईत गुणदोषांवर निर्दोष ठरलेल्या माणसावर त्याच वस्तुस्थितीवरून फौजदारी खटला पुढे रेटता येत नाही. कारण उघड आहे. कमी पुराव्यावर जे सिद्ध झाले नाही, ते जास्त पुराव्याची गरज असलेल्या ठिकाणी कसे सिद्ध होईल?

मन, पुरावा आणि न्यायासन

पहिला फरक मनाचा आहे. फौजदारी न्यायालय कृतीबरोबर हेतूही विचारते. शास्तीला हेतूची गरज नाही. श्रीराम म्युच्युअल फंड प्रकरणात फंडाने आपल्याशी संबंधित दलालामार्फत ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त व्यवहार केले होते. अपील न्यायाधिकरणाने, म्हणजे सॅटने, वाईट हेतू नव्हता म्हणून शास्ती रद्द केली. मे २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा लागू केली आणि सांगितले की नियमाचा भंग सिद्ध झाला की शास्ती लागू होते. त्यासाठी मनात डोकावण्याची गरज नाही.

दुसरा फरक पुराव्याचा. फौजदारीत वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावे लागते. शास्तीत ‘असे घडले असण्याची शक्यता अधिक’ एवढे पुरते. २०१६ च्या किशोर अजमेरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे बाजारातल्या व्यवहारांना लावून दाखवले. दोन दलालांच्या ऑर्डरी सेकंदांच्या अंतराने, त्याच भावात, त्याच संख्येने वारंवार जुळत असतील, तर संगनमताचा थेट पुरावा नसला तरी परिस्थितीवरून निष्कर्ष काढता येतो. संगणकावरच्या व्यवहारात कुणी कबुलीपत्र लिहून ठेवत नाही. त्यामुळे ही सवलत नसती, तर नियामकाचे हात बांधलेलेच राहिले असते.

तिसरा फरक कोण ठरवतो हा. सेबीत तपास, नोटीस आणि निर्णय एकाच छपराखाली होतो. त्यावर सॅटमध्ये आणि मग सर्वोच्च न्यायालयात अपील आहे, तरी पहिला निर्णय संस्थेच्या आतलाच असतो. हा आक्षेप फक्त आपल्याकडचा नाही. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जार्केसी प्रकरणात ठरवले की फसवणुकीबद्दल तिथल्या रोखे आयोगाला पैशाची शास्ती हवी असेल, तर आरोपीला ज्युरीपुढे जाण्याचा हक्क आहे. आयोगाच्या घरच्या न्यायाधीशापुढे ते प्रकरण उरकता येणार नाही. शास्तीचे आकडे जसजसे शिक्षेएवढे जड होतात, तसतसे शिक्षेच्या वेळी मिळणारे संरक्षण मागितले जाणारच.

रक्कम कशी ठरते यातही वेगळेपण आहे. सेबी कायद्याचे कलम १५-ञ सांगते की बेकायदा लाभ किती झाला, गुंतवणूकदारांचे नुकसान किती झाले आणि चूक पुन्हापुन्हा केली का, हे पाहावे. ही यादी परिपूर्ण नाही, इतर बाबीही पाहता येतात, असे २०१९ मध्ये भावेश पबारी प्रकरणात स्पष्ट झाले. फौजदारी न्यायालयात दोषसिद्धीनंतर शिक्षेच्या मुद्द्यावर वेगळी सुनावणी होते. तिथे वय, आधीची वर्तणूक, आजार, कुटुंब, पश्चात्ताप असे सगळे पुढे येते. आपल्याकडे शिक्षा मोजण्याचे तक्ते नाहीत, म्हणून न्यायाधीशाच्या विवेकावर फार काही अवलंबून राहते. म्हणजे शास्ती लाभ आणि हानी मोजते, आणि शिक्षा माणूस तोलते.

कंपनीला तुरुंगात कसे टाकायचे?

कंपनीला देह नाही, मन नाही. मग तिला फौजदारी कायदा कसा लागू करायचा? हा पेच महाराष्ट्राच्या न्यायालयांनी फार लवकर हाताळला. सिंडिकेट ट्रान्सपोर्ट प्रकरणात (एआयआर १९६४) मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की जे अपराध माणूसच करू शकतो, किंवा ज्यांना कारावासाखेरीज शिक्षाच नाही, ते सोडून बाकीच्यांबद्दल कंपनीवर खटला चालू शकतो.

उरलेली पळवाट २००५ मध्ये बंद झाली. स्टँडर्ड चार्टर्ड बँकेचा युक्तिवाद होता की परकीय चलन कायद्यात मोठ्या रकमेच्या अपराधाला कारावास अनिवार्य आहे, बँकेला कारावास देता येत नाही, म्हणून बँकेवर खटलाच चालू शकत नाही. हे मान्य केले असते तर लहान अपराधासाठी कंपनीवर खटला आणि मोठ्या अपराधाला माफी, असा उफराटा न्याय झाला असता. घटनापीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितले की खटला चालेल. कारावास शक्य नसेल तर द्रव्यदंड होईल.

मनाचा प्रश्न पुण्याहून सुटला. इरिडियम इंडिया कंपनीने मोटोरोलाविरुद्ध फसवणुकीची फिर्याद पुण्यातल्या मॅजिस्ट्रेटकडे केली होती. कंपनीला गुन्हेगारी मन असूच शकत नाही, अशा विचाराने मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये ती रद्द केली. ऑक्टोबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. कंपनी चालवणाऱ्या, तिच्यावर पूर्ण ताबा असलेल्या माणसांचे मन तेच कंपनीचे मन.

पण उलट दिशेने हा नियम चालत नाही. कंपनी आरोपी आहे म्हणून तिचा अध्यक्ष आपोआप आरोपी होत नाही, असे २०१५ मध्ये सुनील भारती मित्तल प्रकरणात ठरले. त्याचा प्रत्यक्ष सहभाग आणि हेतू दाखवावा लागतो, किंवा कायद्यात तशी स्पष्ट तरतूद असावी लागते. सेबी कायद्याच्या कलम २७ मध्ये ती आहे. कारभाराची जबाबदारी असलेला प्रत्येक जण उत्तरदायी आहे. मात्र ‘मला माहीत नव्हते’ किंवा ‘मी पुरेशी खबरदारी घेतली होती’ हे त्याने सिद्ध केले तर तो सुटतो.

सगळ्या विषयाची मेख इथे आहे. दोषी ठरलेली कंपनी शेवटी पैसेच भरते. म्हणजे कंपनीपुरता शास्ती आणि शिक्षेतला फरक पातळ होतो आणि तो खरा जाणवतो तो माणसाच्या बाबतीत. कंपनीने भरलेला पैसा भागधारकांचा असतो. त्यांत पेन्शनीतून म्युच्युअल फंडात पैसे टाकणारे दादर-मुलुंडचे निवृत्त लोकही असतात. ज्याने सही केली, ज्याने डोळेझाक केली, त्याच्या खिशाला त्याची झळ लागेलच असे नाही.

जी ब्लॉकच्या प्रकरणाचे पुढे काय झाले?

एनएसईच्या को-लोकेशन सुविधेत काही दलालांना इतरांआधी माहिती मिळत होती, अशी तक्रार एका जागल्याने जानेवारी २०१५ मध्ये पत्राने केली होती. ‘मनीलाइफ’मध्ये सुचेता दलाल आणि देबाशिष बसू यांनी ती उजेडात आणली. एनएसईने त्यांच्यावर बदनामीचा दावा लावला. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१५ मध्ये उलट एनएसईलाच ५० लाख रुपये भरायला लावले. त्यातली मोठी रक्कम रुग्णालयांना गेली.

सेबीचा ६२४ कोटींचा आदेश जानेवारी २०२३ मध्ये सॅटने रद्द केला. फसवणूक सिद्ध होत नाही, पण आवश्यक दक्षता घेतली गेली नाही, म्हणून १०० कोटी रुपये गुंतवणूकदार संरक्षण निधीत भरा, असे न्यायाधिकरणाने सांगितले. दुसऱ्या रस्त्यावर रामकृष्ण यांना सप्टेंबर २०२२ मध्ये सीबीआयच्या आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये अंमलबजावणी संचालनालयाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने जामीन दिला. सप्टेंबर २०२४ मध्ये खुद्द सेबीने दलालाशी संगनमताचा आरोप पुराव्याअभावी निकाली काढला. पुढच्याच महिन्यात ट्रेडिंग अ‍ॅक्सेस पॉइंटच्या वेगळ्या प्रकरणात एनएसईने ६४३ कोटी भरून तडजोड केली.

या घडामोडींवरून दोन गोष्टी दिसतात. दक्षतेचा अभाव आणि फसवणूक यांतली रेघ शास्तीच्या कारवाईतही महत्त्वाची ठरते, कारण रक्कम तिच्यावरच ठरते. आणि तडजोडीत प्रकरण मिटते, कोटी जमा होतात, पण नेमके कोणी काय केले याचा निवाडा होत नाही. बाजाराला शिस्त लागते, सत्य मात्र फायलीत राहते.

वेळेचा हिशेब

फौजदारी रस्त्याची सर्वांत मोठी दुखरी जागा म्हणजे वेळ. हर्षद मेहता घोटाळा एप्रिल १९९२ मध्ये उघड झाला. मारुती उद्योगाच्या पैशांच्या प्रकरणात १९९९ मध्ये दोषसिद्धी झाली. ३१ डिसेंबर २००१ रोजी मेहता कोठडीत असतानाच वारले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जानेवारी २००३ मध्ये आला, तेव्हा मुख्य आरोपी हयात नव्हता. सेबीला पैशाची शास्ती लावण्याचे अधिकार मुळात १९९५ मध्ये मिळाले. त्या वेळी आतल्या माहितीवरच्या व्यवहारांना कमाल शास्ती होती पाच लाख रुपये. केतन पारेख घोटाळ्यानंतर २००२ मध्ये ती २५ कोटी किंवा तिप्पट नफ्यावर गेली. डिसेंबर २००३ मध्ये सेबीने पारेख यांना चौदा वर्षे बाजारबंदी केली. याच पारेख यांना १९९२ च्या घोटाळ्यातल्या एका प्रकरणात फौजदारी शिक्षा झाली ती मार्च २०१४ मध्ये.

सत्यमचे प्रकरण दोन्ही रस्त्यांची तुलना एका ठिकाणी देते. ७ जानेवारी २००९ रोजी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून खोट्या ताळेबंदांची कबुली दिली. सेबीने जुलै २०१४ मध्ये चौदा वर्षांची बंदी आणि १,८४९ कोटी रुपये व्याजासह परत करण्याचा आदेश दिला. त्या रकमेचा हिशेब अपिलानंतर पुन्हा करावा लागला. हैदराबादच्या विशेष न्यायालयाने ९ एप्रिल २०१५ रोजी सात वर्षांची शिक्षा सुनावली, आणि पुढच्याच महिन्यात ती स्थगित होऊन जामीन मिळाला. अमेरिकेच्या रोखे आयोगाने सत्यमकडून एक कोटी डॉलर शास्ती घेऊन आपल्या बाजूचे प्रकरण एप्रिल २०११ मध्येच मिटवले होते. हाती कबुलीपत्र असूनही आपल्याला पाच-सहा वर्षे लागली.

बाहेर काय चालते?

अमेरिकेत रोखे आयोग फक्त दिवाणी कारवाई करतो आणि फौजदारी खटला न्याय खाते चालवते. फोक्सवॅगनच्या डिझेल घोटाळ्यात जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल करण्याचे मान्य केले. २.८ अब्ज डॉलर फौजदारी दंड, १.५ अब्ज दिवाणी शास्ती, आणि एका अधिकाऱ्याला सात वर्षे तुरुंगवास झाला. जर्मनीत कंपनीवर फौजदारी खटला चालत नाही. तिथे नियमभंग म्हणून एक अब्ज युरो घेतले गेले. चाकणला कारखाना असलेल्या या समूहाला आपल्याकडे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटी रुपये भरायला सांगितले.

फौजदारी शिक्षेचा दुसरा धोकाही अमेरिकेने पाहिला. एन्रॉनच्या लेखापरीक्षक आर्थर अँडरसनला २००२ मध्ये दोषी ठरवले गेले आणि ती फर्म संपली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी रद्द केली, तेव्हा वाचवायला काही उरले नव्हते. हजारो कर्मचाऱ्यांची नोकरी आधीच गेली होती. अख्ख्या संस्थेला फासावर चढवताना हात आखडतात, त्याचे हे कारण आहे. म्हणून व्यक्तीचा गुन्हा वेगळा काढणे अधिकच गरजेचे ठरते.

ठेवीदाराचा तिसरा प्रश्न

शास्ती किती आणि शिक्षा कोणाला, या दोन प्रश्नांनंतर ठेवीदाराचा तिसरा प्रश्न उरतो : माझे पैसे कधी मिळणार? सेबी कायद्याखाली वसूल झालेली शास्ती भारताच्या एकत्रित निधीत जाते, गुंतवणूकदाराला मिळत नाही. बेकायदा नफा परत घेतला तर तो गुंतवणूकदार संरक्षण निधीत जातो आणि तिथून वाटप होऊ शकते. २००३ ते २००५ मधल्या आयपीओ घोटाळ्यात असे वाटप झाले. २०१० च्या पहिल्या टप्प्यात १२ लाखांहून अधिक लोकांना मिळून सुमारे २३ कोटी रुपये मिळाले. म्हणजे माणशी दोनशे रुपयांहूनही कमी. रक्कम लहान असली तरी तत्त्व मोठे आहे : पैसा ज्याचा गेला त्याच्याकडे परतला.

पण वसुली हीच अवघड. मार्च २०२४ अखेर सेबीने वसुलीस कठीण ठरवलेली रक्कम ७६ हजार कोटींहून जास्त होती आणि तिचा मोठा भाग पीएसीएल आणि सहारा प्रकरणांचा. वसुलीसाठी २०१४ पासून सेबीला मालमत्ता जप्त करण्याचा, अगदी थकबाकीदाराला अटक करून तुरुंगात ठेवण्याचाही अधिकार आहे. शास्ती न भरणे हाही कलम २४ खाली गुन्हा आहे. दोन रस्ते इथे पुन्हा एकमेकांना मिळतात.

मुंबईच्या उपनगरांनी हा प्रश्न अंगावर झेलला तो सप्टेंबर २०१९ मध्ये. भांडुपला मुख्यालय असलेल्या पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढता येतील असे सांगितले. वांद्रे पूर्वेला कार्यालय असलेल्या एचडीआयएलची थकीत कर्जे लपवण्यासाठी सुमारे २१ हजार बनावट खाती दाखवली गेली, असा फिर्यादीतला आरोप. अटका झाल्या, मालमत्ता जप्त झाल्या. पण ठेवीदारांना दिलासा आला तो जानेवारी २०२२ मधल्या विलीनीकरणाच्या योजनेतून, आणि मोठ्या ठेवींची पूर्ण परतफेड त्या योजनेत दहा वर्षांवर गेली. महाराष्ट्राने १९९९ मध्ये ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा कायदा, म्हणजे एमपीआयडी, याच हेतूने केला. शिक्षेबरोबर मालमत्ता ताब्यात घेऊन ती ठेवीदारांत वाटायची. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ६३ मून्स प्रकरणात भक्कमपणे उचलून धरला. मला तो या सगळ्या कायद्यांत सर्वांत शहाणा वाटतो, कारण तो ठेवीदाराचा तिसरा प्रश्न पहिल्या दोनांइतकाच महत्त्वाचा मानतो.

कुठे सोडायचे, कुठे धरायचे?

सध्या वारे गुन्हेगारी कलमे कमी करण्याचे आहे. कंपनी कायद्यात २०१९ आणि २०२० च्या दुरुस्त्यांनी अनेक अपराध शास्तीवर आणले. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ४२ केंद्रीय कायद्यांतल्या १८३ तरतुदींना हात घातला. विवरणपत्र उशिरा भरले म्हणून लहान उद्योजकाने कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्यात हे चूकच होते. ती चूक दुरुस्त झाली, हे चांगले झाले.

मात्र त्याच कंपनी कायद्यात कलम ४४७ शाबूत आहे, आणि ते तसेच राहिले पाहिजे : फसवणुकीला सहा महिने ते दहा वर्षे, जनहित गुंतले असेल तर किमान तीन वर्षे कारावास. चूक आणि कपट यांतली रेघ पुसली गेली, तर शास्ती हा धंद्याचा एक खर्च बनतो आणि ताळेबंदात इतर खर्चांच्या ओळीत जाऊन बसतो.

माझा निष्कर्ष असा आहे. निष्काळजीपणाला शास्ती पुरेशी आहे, ती लवकर आणि लाभापेक्षा जड असावी. कपटाला शास्ती पुरेशी नाही. तिथे माणसाचे नाव घेऊन, पुरावा न्यायालयापुढे ठेवून, तो जिवंत असेपर्यंत निकाल लागला पाहिजे. आणि दोन्हीकडे वसूल झालेल्या पैशावर पहिला हक्क सरकारी तिजोरीआधी ज्याचे बुडाले त्याचा असला पाहिजे.

वांद्रे पूर्वेच्या शासकीय वसाहतीच्या जागेवर मुंबई उच्च न्यायालयाचे नवे संकुल उभे राहणार आहे, त्याचे भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये झाले. नियामक आणि न्यायालय तेव्हा शेजारी होतील. पुढच्या वेळी एखाद्या कंपनीला काही कोटी भरायला लावल्याची बातमी वाचाल, तेव्हा आकड्यावर थांबू नका. ते पैसे कोणाच्या खिशातून गेले, कोणाकडे पोचले आणि सही कोणाची होती, हे तीन प्रश्न विचारा.